दूध, दात आणि एक अर्धे वाक्य

‘दूध प्यायल्याने दात मजबूत होतात’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवरील आरोग्याच्या तक्त्यावर असते, आहारावरील धड्याच्या स्वाध्यायात असते आणि परीक्षेच्या ‘कारणे द्या’ या प्रश्नातही असते. उत्तर ठरलेले आहे: ‘कारण दुधात कॅल्शियम असते.’ या उत्तराला पूर्ण गुण मिळतात आणि विषय तिथेच मिटतो. अलीकडे या जुन्या वाक्याला एक नवी शेपटी फुटली आहे. दुधातील प्रथिने दातांच्या कवचाची दुरुस्ती करतात, असे आरोग्यविषयक पुरवण्यांतून आणि औषधांच्या दुकानातील पत्रकांतून वाचायला मिळते. निलंग्याकडील काही शिक्षकांशी बोलताना त्यांनी नेमके हेच विचारले. हे वर्गात शिकवायचे का? आणि पालकांनी विचारले, तर दुधाच्या प्रथिनांचे ते महागडे मलम घ्या म्हणून सांगायचे का?

या नव्या विधानामागचे रसायनशास्त्र खरे आहे, आणि फार देखणेही आहे. पण त्यावरून जे निष्कर्ष काढले जातात ते बरेच सैल आहेत. जुने वाक्य तर अर्धेच बरोबर आहे. म्हणून आधी त्याच्याकडे पाहू.

दाताच्या वरचे पांढरे, काचेसारखे टणक कवच म्हणजे एनॅमल, परिभाषेत दंतवल्क. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट: दहा कॅल्शियम, सहा फॉस्फेट आणि दोन हायड्रॉक्सिल यांची जुळणी. हाडातही हेच खनिज आहे, पण एक मोठा फरक आहे. हाडात जिवंत पेशी असतात, रक्तवाहिन्या असतात. हाड मोडले तर ते सांधते. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात. त्यानंतर या कवचात ना पेशी असतात, ना रक्त. म्हणजे तोंडात आलेल्या दाताच्या एनॅमलपर्यंत रक्तातून कॅल्शियम पोहोचवण्याची सोयच नाही.

पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी दिसू लागते, पण तिचा वरचा भाग जबड्याच्या आत तिसऱ्या वर्षाच्या सुमारास घडून झालेला असतो. त्या वयात मुलाला पुरेसे कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व मिळणे निश्चितच महत्त्वाचे. पण आठवीतल्या मुलाने पेलाभर दूध प्यायले तर ते त्याच्या हाडांना उपयोगी पडते. अक्कलदाढा सोडल्या तर त्याच्या इतर दातांचे एनॅमल केव्हाच घडून गेलेले असते. ‘कारण दुधात कॅल्शियम असते’ हे उत्तर या मुलापुरते अपुरे आहे. (प्रत्येक बाळंतपणात आईचा एक दात जातो, कारण बाळ तिच्या दातांतून कॅल्शियम ओढून घेते, हा समजही याच जातीचा. एनॅमलमधून रक्तात जाण्याचा रस्ताही नाही.)

मग दुधाचा तोंडातल्या दाताशी काही संबंध उरतो का? उरतो, पण तो आतून नाही, बाहेरून. दाताच्या पृष्ठभागावर, लाळेच्या पातळ थरात. त्यासाठी दात किडतो कसा हे पाहावे लागेल. साखर खाल्ली की दातांवरील थरात राहणारे जीवाणू तिच्यापासून आम्ल बनवतात. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने १९४०च्या दशकात दाखवले की, साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच या थराचा सामू झपाट्याने उतरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. सामू साधारण ५.५च्या खाली गेला की हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट विरघळू लागते. सामू पुन्हा चढला की लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट उलट दिशेने स्फटिकात जाऊन बसतात. दिवसभर ही देवघेव चालू असते. ती सतत तोट्यात गेली की आधी पृष्ठभागाखाली खनिज कमी झालेला पांढरट डाग दिसतो, आणि पुढे पृष्ठभाग ढासळून खड्डा पडतो.

लाळेत इतके कॅल्शियम आणि फॉस्फेट असूनही ते तोंडातच दगडासारखे का जमत नाही? प्रयोगशाळेत कॅल्शियम क्लोराइड आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट यांची दोन स्वच्छ द्रावणे एकत्र ओता. क्षणात पांढरा साका तयार होतो. लाळेत तसे होत नाही, कारण तिच्यात स्टॅथेरिन नावाचे एक छोटे प्रथिन असते. त्याच्या एका टोकाशी फॉस्फेट जोडलेले सेरीन असते, आणि ते कॅल्शियम फॉस्फेटचे कण वाढू देत नाही. त्यामुळे लाळ खनिजाने भरलेली राहते आणि तरीही प्रवाही राहते.

दुधापुढेही हाच पेच असतो. गाईच्या लिटरभर दुधात साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम असते. एवढे कॅल्शियम आणि त्याच्या जोडीचे फॉस्फेट साध्या पाण्यात टिकणार नाही, तळाशी बसेल. दूध रात्रभर ठेवले तर साय वर येते, पण चुनखडीसारखा गाळ खाली बसत नाही, हे प्रत्येक घरात दिसते. ही करामत केसीनची. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. त्याच्या साखळीत काही ठिकाणी फॉस्फेटधारी सेरीन एकमेकांना खेटून बसलेले असतात: तीन फॉस्फोसेरीन आणि त्यांच्या पाठोपाठ दोन ग्लुटामिक आम्ले. ऋण विद्युत्भाराचा हा पुंजका कॅल्शियम फॉस्फेटच्या अतिसूक्ष्म कणांना धरून ठेवतो.

लाळ आणि दूध यांची ही युक्ती एकसारखी असणे हा योगायोग नाही. काझुहिको कावासाकी आणि केनेथ वाइस यांनी २००३ साली दाखवून दिले की, दुधातील केसीन, लाळेतील स्टॅथेरिन आणि जबड्यात एनॅमल घडत असताना लागणारी प्रथिने यांची जनुके एकाच कुळातील आहेत. एका जुन्या जनुकाच्या प्रती होत गेल्या आणि त्या वेगवेगळ्या कामांना लागल्या. माझ्या मते दूध आणि दात यांच्या नात्याबद्दल मुलांना सांगण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच कोणत्याही पत्रकावर नसते.

आता त्या मलमाकडे येऊ. केसीनवर ट्रिप्सिन या विकराची क्रिया केली की साखळी तुटते आणि फॉस्फोसेरीनचे पुंजके असलेले छोटे तुकडे सुटे होतात. त्यांना केसीन फॉस्फोपेप्टाइड म्हणतात. स्वीडनमधील ओलोफ मेलांडर यांनी १९५० सालीच, मुडदूस झालेल्या अर्भकांच्या हाडांत खनिज भरण्याच्या संदर्भात, अशा तुकड्यांकडे लक्ष वेधले होते. दातांसाठी त्यांचा पाठपुरावा केला तो ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या एरिक रेनॉल्ड्स यांनी. या तुकड्यांनी धरून ठेवलेले अस्फटिकी कॅल्शियम फॉस्फेट म्हणजेच ‘सीपीपी-एसीपी’. ‘रिकॅल्डेंट’ या नावाने ते बाजारात आले आणि जपानच्या जीसी कंपनीच्या ‘टूथ मूस’ या मलमात ते १० टक्के असते. रेनॉल्ड्स यांच्या १९९७ सालच्या प्रयोगात काढलेल्या मानवी दाढांच्या एनॅमलमध्ये मुद्दाम खनिज कमी केलेले डाग तयार केले होते. ते दहा दिवस या द्रावणात ठेवल्यावर सर्वांत परिणामकारक द्रावणाने गेलेल्या खनिजापैकी सरासरी सुमारे ६४ टक्के भरून काढले. आकडा प्रभावी आहे. पण तो द्रावणात बुडवून ठेवलेल्या एनॅमलच्या तुकड्यांचा आहे. तिथे जीवाणूंचा थर नव्हता, चहा-बिस्किटे नव्हती आणि लाळ सगळे धुऊन नेत नव्हती.

आणि इथेच पेलाभर दुधाचा आणि ट्यूबमधील मलमाचा संबंध तुटतो. ट्रिप्सिन आपल्या लहान आतड्यात काम करते, तोंडात नव्हे. म्हणजे दूध पिताना हे सुटे पेप्टाइड दाताजवळ तयार होतच नाहीत. ते होतात तेव्हा दूध दातांपासून फार खाली गेलेले असते. तोंडातून दूध जाते ते केसीनचे गोळे शाबूत असतानाच, आणि तेही काही सेकंदांत. या गोळ्यांचाही दातांना थोडा फायदा होतो. दुधातील लॅक्टोजपासून जीवाणू साखरेइतके आम्ल बनवू शकत नाहीत, आणि कॅल्शियम व फॉस्फेट हाताशी असल्याने एनॅमल विरघळायला विरोध होतो. दह्याचे उदाहरण बोलके आहे. दह्याचा सामू ५.५च्या बराच खाली, म्हणजे कागदावर ते दाताला घातकच. प्रत्यक्षात दह्याने एनॅमल झिजत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असते की आणखी विरघळायला वावच नसतो. साध्या दुधाला म्हणूनच दातांच्या बाबतीत निरुपद्रवी, किंचित उपकारक म्हणता येईल. पण दोन चमचे साखर घातलेले दूध, तान्ह्या मुलाच्या तोंडात रात्रभर ठेवलेली दुधाची बाटली, किंवा आपल्याकडे मुलांना सर्रास दिला जाणारा गोड दुधाचा चहा यांना ही सवलत लागू नाही. ‘दूध’ या शब्दाखाली आपण हे सगळे एकत्र मोजतो.

मलम तरी काम करते का? या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही, आणि वर्गात शिकवायला यासारखे दुसरे उदाहरण नाही. तुलना कशाशी केली यावर उत्तर बदलते. मेलबर्नमध्ये २,७२० किशोरवयीन मुलांवर दोन वर्षे एक चाचणी झाली. तिचा अहवाल २००८ साली आला. निम्म्या मुलांनी साधे बिनसाखरेचे च्युइंगगम चघळले आणि निम्म्यांनी सीपीपी-एसीपी घातलेले. दुसऱ्या गटात दातांच्या सांध्यांतील कीड पुढे सरकण्याची शक्यता १८ टक्क्यांनी कमी आढळली. हा फायदा खरा आहे. पण तुलना साध्या गमशी होती. आपल्या पालकांचा प्रश्न तो नाही. त्यांचा प्रश्न असा: फ्लुओराइडची टूथपेस्ट रोज वापरत असताना वर हे मलम घेतले तर अधिक काही मिळेल का? थायलंडमध्ये अडीच ते साडेतीन वर्षांच्या, दात किडण्याचा धोका जास्त असलेल्या मुलांवर नेमकी हीच चाचणी झाली. सर्व मुलांचे दात फ्लुओराइडच्या पेस्टने घासले. त्यानंतर अर्ध्या मुलांना सीपीपी-एसीपीचे मलम लावले आणि उरलेल्यांना तसेच दिसणारे पण निष्क्रिय मलम. वर्षानंतर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले.

अझरपझू आणि लाइमबॅक यांनी २००८ साली उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा दीर्घकालीन परिणामाबद्दल ठाम बोलावे इतका पुरावा नाही, असे त्यांचे मत पडले. पुढच्याच वर्षी येंगोपाल आणि मिकेनॉश यांनी अल्पकालीन पुनर्खनिजीकरणाबाबत अनुकूल मत दिले. २०१५ सालच्या राफाएल आणि ब्लिंकहॉर्न यांच्या आढाव्यात नेहमीच्या फ्लुओराइड पेस्टऐवजी हे मलम सुचवण्यास आधार सापडला नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञगटानेही २०१८ साली, फ्लुओराइडचे इतर उपाय हाताशी असतील तर सुरुवातीच्या किडीसाठी १० टक्के सीपीपी-एसीपी वापरू नये, असे सुचवले. या विषयावरील पुष्कळ संशोधन पदार्थाच्या शोधकर्त्यांच्याच गटातून आले आहे, हेही लक्षात ठेवायला हवे. त्यामुळे ते खोटे ठरत नाही. पण इतरांनी, इतर ठिकाणी, योग्य तुलना ठेवून केलेल्या चाचण्यांचे वजन अधिक धरावे लागते.

‘दुरुस्ती’ या शब्दावर माझा वेगळा आक्षेप आहे. दंतवैद्य ‘पुनर्खनिजीकरण’ म्हणतात तेव्हा त्यांना पृष्ठभाग शाबूत असलेला पांढरा डाग अभिप्रेत असतो. दाताला खड्डा पडला की कोणतेही मलम, कोणतेही प्रथिन तो भरून आणत नाही. बातमीतील ‘दुरुस्ती’ वाचून दुखणारी दाढ घेऊन घरीच बसणारे पालक मी पाहिले आहेत. शब्दाच्या सैलपणाची किंमत इथे मूल मोजते.

आता आपल्या भागातील एक गोष्ट. देवणी ही लातूर, नांदेड आणि बिदर पट्ट्यातील देखणी गोजात. अलीकडे देशी गाईचे दूध ‘ए-टू’ म्हणून जास्त भावाने विकले जाते, आणि त्याच्या गुणांच्या यादीत दातही येऊन बसतात. देवणीबद्दल मलाही अभिमान आहे, पण दातांचा मुद्दा तपासून पाहू. ‘ए-वन’ आणि ‘ए-टू’ हा फरक बीटा केसीनच्या २०९ दुव्यांच्या साखळीतील ६७व्या जागेवर आहे: एकात हिस्टिडीन, दुसऱ्यात प्रोलीन. कॅल्शियम धरणारे फॉस्फोसेरीन मात्र १५, १७, १८ आणि १९ या जागांवर आहेत आणि ते दोन्ही प्रकारांत सारखेच असतात. ट्रिप्सिनने तुटणारा उपयुक्त तुकडा पहिल्या २५ दुव्यांचा असतो. ६७वी जागा त्यात येतही नाही. म्हणजे दातांच्या दृष्टीने या दोन दुधांत फरक असण्याचे कारण दिसत नाही. देवणी जपायला दुसरी चांगली कारणे भरपूर आहेत.

वर्गातील एका लोकप्रिय प्रयोगाबद्दलही बोलले पाहिजे. व्हिनेगरमध्ये अंडे ठेवायचे, कवच विरघळते, मग ‘दाताचेही असेच होते’ असे सांगायचे. अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. दातातून येत नाहीत, कारण ते फॉस्फेट आहे. दुसऱ्या अंड्याला टूथपेस्ट फासून ते ‘वाचले’ असे दाखवतात, तेव्हा वाचवले फ्लुओराइडने की नुसत्या जाड लेपाने, हे कळायला मार्ग नसतो. फ्लुओराइड नसलेल्या पेस्टचे तिसरे अंडे ठेवा आणि मुलांनाच निष्कर्ष काढू द्या. त्याहून बरा प्रयोग दुधाचा. साय काढलेले दूध गरम करून व्हिनेगरने फाडा (लिंबू नको, त्यातील सायट्रिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवते). चोथा गाळून घ्या. वरचे निवळ पाणी पुन्हा गरम करा आणि त्यात थोडी थोडी चुन्याची निवळी घाला. द्रावण गढूळ होते. आम्लामुळे केसीनच्या पकडीतून सुटून पाण्यात आलेले कॅल्शियम फॉस्फेट आता पुन्हा खाली बसू लागते. आम्लाने सुटणे आणि सामू चढल्यावर परत बसणे, ही दाताची सगळी गोष्ट एका चंचुपात्रात दिसते.

पालकांना काय सांगायचे? दुधाच्या प्रथिनाची ज्यांना अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी हे मलम मुळीच वापरू नये. दातांवर तारा बसवल्यामुळे पांढरे डाग पडलेल्या किंवा लाळ कमी सुटणाऱ्या रुग्णाला दंतवैद्याने ते सुचवले, तर त्याला आधार आहे. सरसकट सर्व मुलांसाठी तो खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. त्याच पैशांत वर्षभराची फ्लुओराइडयुक्त पेस्ट येते. भारतात तिच्यातील फ्लुओराइडची कमाल मर्यादा दशलक्षात १००० भाग आहे आणि वेष्टनावर ते छापलेले असते. अनेक ‘नैसर्गिक’ पेस्टमध्ये ते नसतेच, म्हणून वेष्टन वाचायला शिकवणे हाही विज्ञानाचाच तास आहे. मिश्रीने दात घासणाऱ्या घरांत आधी तंबाखूचा प्रश्न सोडवावा लागेल.

या सल्ल्याला मराठवाड्यात एक अपवाद जोडावा लागतो. नांदेड जिल्ह्यातील काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लुओराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम. दुसरे पाणी नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लुओराइडचे पाणी लहानपणी, एनॅमल घडत असताना पोटात गेले, तर दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे येतात. हे पट्टे किडीचे नसतात, आणि ते घडणीतले असल्याने घासून जात नाहीत. असे डाग फिके करण्यासाठी सीपीपी-एसीपीचे मलम वापरून पाहिले गेले आहे, पण मूल रोज तेच पाणी पीत असेल तर त्याच्या धाकट्या भावंडाचे दात तसेच घडणार. एकाच वस्तीतील अनेक मुलांच्या पुढच्या दातांवर दोन्ही बाजूंना सारखे पट्टे दिसले, तर शिक्षकांनी ग्रामपंचायतीला सांगून पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाठवावा. नमुना प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्यावा, काचेच्या नको, कारण फ्लुओराइड काचेशी अभिक्रिया करते. बाटलीवर बोअरचे ठिकाण आणि तारीख लिहावी, आणि त्या बोअरचे पाणी किती घरे पितात तेही सोबत कळवावे.